विश्वस्त कार्यालयाचा दूरध्वनी आता इंटरनेटवर



अहवाल वर्षात रुग्णालयाच्या आवारातील विश्वस्त कार्यालयाची दूरध्वनी यंत्रणा बदलण्यात आली. तांब्याच्या तारांवर चालणारे जुने ईपीएबीएक्स यंत्र निवृत्त झाले आणि त्याच्या जागी इंटरनेटवर चालणारी यंत्रणा आली. खर्चाचा तपशील जमाखर्चाच्या पत्रकात स्वतंत्रपणे दिलेला आहे. तथापि, ‘फोन तर पूर्वीही वाजत होता, मग देणगीचा पैसा त्यावर का खर्चिला?’ असे काही हितचिंतकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. क्ष-किरण यंत्र किंवा डायलिसिसची खुर्ची घेतली तर तिचा उपयोग डोळ्यांना दिसतो. टेबलावरचा फोन बदलला तर काय बदलले, ते सांगावे लागते. ते सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम, आमच्या कार्यालयात फोन कोणाचे येतात ते पाहू. देणगीची पावती, प्राप्तिकराचे प्रमाणपत्र, औषध पुरवठादारांची देयके, सभेची सूचना या विषयांचे फोन नित्याचेच असतात आणि ते एकदा न लागले तर पुन्हा लावले जातात. परंतु याच कार्यालयात आमचे समाजसेवा अधीक्षकही बसतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ एए खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. या खाटेसाठी चौकशी करणारा माणूस बहुधा आमच्यापासून दूरच्या गावी असतो. खाट रिकामी आहे का, तहसीलदाराचा दाखला लागेल की शिधापत्रिका चालेल, रुग्णाला आजच आणावे की उद्या, एवढेच त्याला विचारायचे असते. उत्तर मिळाले तर तो गाडी ठरवतो. न मिळाले तर तो आणखी एखाद्या रुग्णालयाला फोन करतो, किंवा थांबतो, किंवा उपचारासाठी कर्ज काढतो. त्याचा फोन लागला नाही, हे आमच्या कोणत्याही नोंदवहीत येत नसे. नव्या यंत्रणेचा विचार सुरू झाला तो याच एका गोष्टीपासून.

जुन्या यंत्राला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्याने पुष्कळ वर्षे इमानाने काम केले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने भारतीय हवामानाला सोसतील, वातानुकूलनाशिवाय चालतील अशी छोटी डिजिटल विनिमय केंद्रे तयार केली, आणि १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे अशा पहिल्या १२८ जोडण्यांच्या ग्रामीण केंद्राने काम सुरू केले. नंतरच्या काळात कार्यालयांतून जी देशी ईपीएबीएक्स यंत्रे बसली, त्यांच्यावर बाहेरची धूळ आणि उन्हाळा यांचा फारसा परिणाम होत नसे. आमचेही यंत्र जिन्याखालच्या कपाटात निमूटपणे चालत होते. मर्यादा होती ती रचनेची. बाहेरून चार जोड्या तारा येत, म्हणून एका वेळी चारच माणसे बाहेरच्या जगाशी बोलू शकत. पाचव्याने फोन लावला की त्याला ‘एंगेज’ लागे. हा एंगेजचा आवाज आमच्या यंत्रातून निघत नसे. तो दूरध्वनी कंपनीच्या विनिमय केंद्रातूनच निघे, आणि फोन करणारा तिथूनच परतवला जाई. आमच्या दारापर्यंत तो येतच नसे. त्यामुळे दिवसभरात असे किती जण परतले, याची गणना करण्याचे कोणतेही साधन कार्यालयाजवळ नव्हते.

आवाज कसा जातो

इंटरनेटवरचा फोन म्हणजे मोबाइलवरील एखादे संदेशवहनाचे ॲप, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तत्त्व तेच, परंतु कार्यालयाच्या यंत्रणेत टेबलावर नेहमीसारखाच फोन असतो, त्याला नेहमीसारखाच क्रमांक असतो, आणि पलीकडच्या माणसाजवळ इंटरनेट असण्याची काहीही आवश्यकता नसते. बदलते ते मधले दळणवळण.

जुन्या पद्धतीत दोन माणसे बोलू लागली की त्यांच्यासाठी एक अखंड वाट राखून ठेवली जाई, दोघे गप्प बसले तरी ती अडलेलीच राही. नव्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, प्रत्येक नमुना आठ बिटांत लिहिला जातो, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट होतात. या आकड्यांची दर २० मिलिसेकंदांना एक पुडी बांधली जाते. सेकंदाला अशा पन्नास पुड्या निघतात. प्रत्येकीत १६० बाइट आवाज असतो आणि तिच्यावर कोठून कोठे जायचे, कितवी पुडी, हे सांगणारा ४० बाइटांचा पत्ता असतो. पलीकडे पुड्या क्रमाने लावून पुन्हा आवाज केला जातो. टपालाने पोथीचे एकेक पान वेगवेगळ्या पाकिटातून पाठवावे आणि वाचणाऱ्याने ती पाने ओळीने लावून वाचावीत, तसे हे आहे; फक्त सगळे इतक्या वेगाने घडते की बोलणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

हिशेब केला तर पत्त्यासह एका संभाषणाला सेकंदाला सुमारे ८० हजार बिट लागतात, स्थानिक केबलवरचे आवरण धरले तर ८७ हजारांच्या आसपास. आठ माणसे एकाच वेळी बोलत असली तरी जाण्याच्या दिशेला एक मेगाबिट आणि येण्याच्या दिशेला एक मेगाबिट एवढेही भरत नाही. आजच्या कोणत्याही फायबर जोडणीला हे ओझे नव्हे. म्हणून ‘वेगवान इंटरनेट घ्या, फोन उत्तम चालेल’ असे विक्रेते सांगतात. ते अर्धेच खरे आहे. आवाजाला रुंद रस्त्यापेक्षा अखंड वाहती वाट अधिक लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे बोललेला शब्द १५० मिलिसेकंदांच्या आत पलीकडे पोहोचला तर संभाषण स्वाभाविक वाटते. त्याहून फार उशीर झाला की दोघे एकमेकांवर बोलू लागतात. आणि पुड्या कधी लवकर, कधी उशिरा अशा आल्या की शब्द तुटतात. संगणकावर पत्र अर्धा सेकंद उशिरा आले तर कोणाचेच काही बिघडत नाही. पण ‘रक्तगट कोणता’ या प्रश्नाच्या उत्तरातले एक अक्षर गळले तर बिघडते.

रुग्णालयाच्या आवारात हा धोका विशेष असतो, आणि त्याचे कारण फोनशी संबंधित नसते. सीटी स्कॅनचे एक चित्र ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचे असते, प्रत्येक बिंदूला दोन बाइट धरले तर ते सुमारे अर्धा मेगाबाइट भरते. एका तपासणीत अशी चारशे चित्रे असली तर २०० मेगाबाइट होतात. ती बाहेरगावच्या क्ष-किरणतज्ज्ञांकडे पाठवताना १० मेगाबिटांची जाणारी वाट पावणेतीन मिनिटे पूर्ण व्यापून राहते. तेवढ्या वेळात कार्यालयातून बोलणाऱ्याचा आवाज पलीकडे तुटत जातो, आणि त्याला स्वतःला मात्र समोरचा स्पष्ट ऐकू येत असतो, कारण येणारी वाट मोकळी असते. तक्रार समजायलाही त्यामुळे वेळ लागतो. यावर उपाय म्हणून फोनच्या पुड्यांसाठी त्याच केबलवर वेगळी मार्गिका आखली, आणि राउटरला सांगून ठेवले की आवाजाची पुडी आली की चित्राच्या पुडीने क्षणभर बाजूला व्हावे. रुग्णवाहिकेला रस्ता द्यावा तसेच. चित्राला पोहोचायला किंचित अधिक वेळ लागतो, इतकेच. आमच्या मते, या संपूर्ण कामात ज्या गोष्टीवर सर्वाधिक लक्ष द्यायला हवे ती हीच, आणि दरपत्रकांत नेमका तिचाच उल्लेख नसतो.

नवे विनिमय यंत्र

पुडी कोठे पाठवायची हे ठरवायला मध्ये कोणी तरी लागतेच. पूर्वी ते काम कपाटातले यंत्र करी, आता एक छोटा संगणक करतो. टेबलावरचा प्रत्येक फोन ठरावीक वेळाने त्याला कळवत राहतो की ‘मी येथे आहे, माझा क्रमांक अमुक.’ वाड्याच्या देवडीवर प्रत्येक बिऱ्हाडाने आपण घरात असल्याची वर्दी द्यावी, आणि पाहुणा आला की देवडीवाल्याने त्याला योग्य दाराशी न्यावे, असा हा व्यवहार. त्यासाठी जी भाषा वापरली जाते तिला एसआयपी म्हणतात. तिचे पहिले प्रमाणित रूप १९९९ मध्ये आणि आज प्रचलित असलेले रूप २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. ती कोणा एका कंपनीची मालकीची नाही. म्हणून एका कंपनीचा फोन, दुसऱ्याचे यंत्र आणि तिसऱ्याची जोडणी एकत्र चालू शकते, आणि एखादा फोन बिघडला तर त्याच कंपनीकडे जाण्याची सक्ती राहत नाही. धर्मादाय संस्थेला ही सोय लहान नाही.

संगणकावर आम्ही ॲस्टेरिस्क ही मुक्त प्रणाली बसविली आहे. तिचा इतिहास सांगण्याजोगा आहे. १९९९ मध्ये अमेरिकेतील मार्क स्पेन्सर या तरुणाने एक छोटा व्यवसाय सुरू केला. त्याच्या कार्यालयाला विनिमय यंत्र हवे होते, पण बाजारातल्या यंत्रांची किंमत त्याला परवडेना. तेव्हा त्याने ते स्वतःच संगणकासाठी लिहून काढले आणि सर्वांना वापरण्यासाठी खुले केले. आज जगभर लहानमोठ्या कार्यालयांत ते चालते. परवान्याचे शुल्क नाही, पण याचा अर्थ फुकट असा मात्र नव्हे. बसविणारा जाणकार लागतो आणि वर्षभर देखभाल करणारा लागतो. त्याचा मेहनताना वाचवू पाहणाऱ्या संस्थेने हा मार्ग धरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे यंत्र सेवा देणाऱ्या कंपनीच्या दूरच्या केंद्रात भाड्याने ठेवण्याचाही पर्याय होता. तो स्वस्त पडतो आणि जागा अडवत नाही. आम्ही यंत्र आपल्या आवारातच ठेवले, ते एका कारणासाठी: इंटरनेट बंद पडले तरी लेखा विभागाने औषध भांडाराला किंवा समाजसेवा अधीक्षकांनी वॉर्डातील परिचारिकेला लावलेला अंतर्गत फोन त्यामुळे चालू राहतो. रुग्णालय नसलेल्या कार्यालयाने कदाचित वेगळा निर्णय घ्यावा.

क्रमांक आणि कायदा

येथे विश्वस्तांच्या दृष्टीने दोन बाबी महत्त्वाच्या आहेत. इंटरनेटवरील दूरध्वनीस भारतात १ एप्रिल २००२ पासून मर्यादित स्वरूपात परवानगी मिळाली. परंतु देशातील नेहमीच्या दूरध्वनी जाळ्याशी तो जोडण्यास तेव्हा मुभा नव्हती. त्यामुळे अनेक वर्षे या विषयाभोवती धास्तीचे वलय होते, आणि ते अगदीच निराधारही नव्हते. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्यांच्या अटी दुरुस्त केल्या आणि परवानाधारक कंपन्यांना इंटरनेटवरून नेहमीच्या क्रमांकांवर बोलण्याची सेवा देता येऊ लागली. आजही नियम एकच लक्षात ठेवावा: बाहेरच्या जगाशी जोडणारी वाट परवानाधारक कंपनीकडूनच घ्यावी, तिच्या नावाचे रीतसर देयक यावे. परदेशातून येणारे फोन स्वस्तात आणून स्थानिक सिमकार्डांवर उतरवणारी यंत्रे कोणी सुचवली, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. तो गुन्हा आहे, आणि पोलीस येतात ते ज्याच्या जागेत यंत्र सापडते त्याच्याकडे.

दुसरी बाब आमच्या जुन्या क्रमांकांची. हे क्रमांक कित्येक वर्षांच्या पावत्यांवर, केसपेपरांवर, आसपासच्या गावांतील दवाखान्यांच्या भिंतींवर लिहिलेले आहेत. क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळाली, पण ती मोबाइलला, लँडलाइनला नाही. जुना क्रमांक सोडला असता तर भिंतीवरचे ते आकडे मुके झाले असते. म्हणून जुन्यांपैकी दोन लँडलाइन आम्ही तशाच ठेवल्या आणि ‘गेटवे’ नावाच्या लहान पेटीतून त्या नव्या यंत्रणेत आणल्या. ती पेटी तांब्याच्या तारेवरचा आवाज पुड्यांत रूपांतरित करते. फोन करणाऱ्याला काहीच फरक कळत नाही. जुन्या क्रमांकावर आलेला फोन त्याच रांगेत उभा राहतो आणि त्याच क्रमाने उचलला जातो.

वीज गेली तर?

हा प्रश्न विश्वस्त मंडळाच्या बैठकीत सर्वांत आधी विचारला गेला, आणि तसाच तो विचारला जायला हवा. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना आठवत असेल की गावात अंधार असताना देखील घरातला काळा किंवा लाल फोन चालू असे. कारण त्याला लागणारी वीज तारेतूनच, विनिमय केंद्रातील ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून येई. इंटरनेटच्या फोनला ते वरदान नाही. फायबर ज्या पेटीत येते ती पेटी, राउटर, स्विच, विनिमयाचा संगणक आणि टेबलावरचा फोन या पाचही ठिकाणी वीज हवी. पाचांपैकी एक जरी निजले तर उरलेली चार जागी असून उपयोग नाही.

टेबलावरच्या फोनचा प्रश्न सोपा झाला आहे. २००३ मध्ये ठरलेल्या एका प्रमाणानुसार जाळ्याच्या केबलमधूनच १५.४ वॉटपर्यंत वीज पाठवता येते. साध्या फोनला काही वॉटच पुरतात. त्यामुळे प्रत्येक टेबलाखाली वेगळा अडॅप्टर न लावता सारी वीज एका स्विचमधून जाते आणि तो एक स्विच यूपीएसवर ठेवला की सगळे फोन जागे राहतात. उरलेल्या पेट्याही त्याच यूपीएसवर घेतल्या. ‘रुग्णालयाला जनित्र आहे, मग यूपीएस कशाला?’ असे विचारले गेले. जनित्र सुरू व्हायला काही क्षण लागतात. दिव्यांना त्याचे काही वाटत नाही, ते मिचकून पुन्हा लागतात. राउटर आणि संगणक मात्र त्या क्षणांत झोपले की पुन्हा पूर्ण उठून, एकमेकांना ओळखून कामाला लागायला त्यांना काही मिनिटे घेतात. पावसाळ्यात वीज दिवसातून पाचसहा वेळा ये-जा करते, तेव्हा अशी मिनिटे साचत जातात.

इंटरनेटच बंद पडले, रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली, तर राउटर आपोआप मोबाइल जाळ्यावरच्या दुसऱ्या जोडणीवर जातो. तीही नसेल तर आमचे यंत्र कंपनीला दिसेनासे होते आणि कंपनीच्या केंद्रातूनच येणारे फोन कार्यालयाच्या दोन मोबाइलवर वळवले जातात. त्यांपैकी एक समाजसेवा अधीक्षकांजवळ असतो. महिन्यातून एकदा, गर्दी नसलेल्या वेळी, आम्ही मुद्दाम फायबरची तार काढून हे सारे घडते की नाही ते पाहतो. कागदावर लिहिलेल्या व्यवस्थेवर आमचा तेवढाच विश्वास आहे.

इतके करूनही काही फोन आम्ही या यंत्रणेत आणले नाहीत. अपघात विभाग, अतिदक्षता विभाग, रक्तपेढी आणि उद्वाहन येथील दूरध्वनी पूर्वीप्रमाणेच स्वतंत्र वाटेवर आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी जोडीला मोबाइलही आहे. तसेच कार्यालयातून कोणी १०८ किंवा ११२ लावले तर तो फोन इंटरनेटने न जाता लँडलाइननेच जाईल, अशी योजना यंत्रात केली आहे. कारण लँडलाइनचा क्रमांक विशिष्ट पत्त्याशी बांधलेला असतो, इंटरनेटवरचा फोन मात्र कोठेही उचलून नेता येतो. नवे ते सर्वत्र लावावे, असा आग्रह रुग्णालयात धरता येत नाही.

कोणते बटण दाबावे

यंत्रणा बसविणाऱ्यांनी सुरुवातीला आठ पर्यायांचे ध्वनिमुद्रित स्वागत सुचवले होते. बँकेत फोन केल्यावर ऐकू येते तसे. आम्ही ते नाकारले. चिंतेत असलेल्या माणसाला आठ पर्याय ऐकवणे म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावून आतून बोलण्यासारखे आहे. शिवाय एक साधी अडचण आहे, ती वयस्कर मंडळींना चांगलीच ठाऊक असेल. हल्लीचा मोबाइल कानाशी धरला की त्याची काच काळी होते. ‘दोन दाबा’ असे ऐकून तो कानापासून दूर करावा, काच उजळण्याची वाट पाहावी, अंकांचा फलक शोधावा, तोवर पुढचे वाक्य निघून गेलेले असते. आता स्वागत मराठीत आहे, एका वाक्याचे आहे, पर्याय दोनच आहेत: देणगी आणि पावती, किंवा रुग्णाविषयी चौकशी. काहीच दाबले नाही तर काही सेकंदांत फोन ऑपरेटरकडे जातो.

होय, ऑपरेटर आहेत. आमच्या ऑपरेटर भगिनींची जागा यंत्राने घेतलेली नाही आणि ती घ्यावी असा विचारही कधी नव्हता. त्या अनेक देणगीदारांना आवाजावरून ओळखतात. कोणता फोन आधी जोडून द्यायचा हे पलीकडचा श्वास ऐकून त्यांना समजते. नव्या यंत्रणेत त्यांच्यासमोर पडद्यावर दिसते की रांगेत किती जण आहेत आणि कोण किती वेळ थांबले आहे. पूर्वी ही माहिती त्यांना मिळत नसे.

अनुत्तरित यादी

आता त्या मूळ प्रश्नाकडे येऊ. बाहेरची वाट चार जोड्यांपुरती राहिली नाही. कंपनीकडून जितक्या वाहिन्या घेतल्या तितकी संभाषणे एका वेळी होतात, आणि उचलायला कोणी मोकळे नसले तर फोन एंगेज लागून परतण्याऐवजी रांगेत थांबतात, असा हिशेब ठेवून वाहिन्या घेतल्या आहेत. आमच्या दृष्टीने त्याहून मोठा लाभ असा की प्रत्येक फोनची नोंद होते. किती वाजता आला, कोणत्या क्रमांकावरून, उचलला की नाही, उचलण्याआधी फोन करणारा किती वेळ थांबला. रोज सकाळी साडेनऊला आदल्या दिवशीच्या आणि रात्रीच्या अनुत्तरित फोनांची यादी छापून समाजसेवा अधीक्षकांच्या टेबलावर येते. त्यांनी आणि त्यांच्या सहायकांनी दुपारी बारापर्यंत त्यातील प्रत्येक क्रमांकावर फोन करायचा आणि यादीवर काय झाले ते लिहायचे, असा नियम आहे.

या यादीतले काही क्रमांक केवळ एकदोन घंटा वाजून बंद झालेले असतात. शहरी माणूस याला चुकून लागलेला फोन म्हणेल. पण आपल्याकडे ‘मिस्ड कॉल’ देणे ही एक विनंतीच आहे, ‘माझ्याकडे पैसे नाहीत, तुम्ही लावा’ एवढे तिच्यात सांगितलेले असते. पूर्वी ती विनंती वाजली आणि विरली. आता ती कागदावर येते. परत फोन केल्यावर कधी समजते की रुग्ण दुसरीकडे दाखल झाला आहे, कधी फोन उचलणारा म्हणतो की तो रस्त्यावरच्या कोणाचा तरी फोन होता. तेही यादीवर लिहिले जाते. काही वेळा मात्र पलीकडे तोच माणूस असतो, त्याला खाट अजून हवी असते, आणि दाखल्यासाठी कोणते कागद आणायचे ते त्याला तिथेच सांगता येते.

विश्वस्त मंडळाने ठरवले आहे की यादीचा मासिक सारांश बैठकीच्या विषयपत्रिकेत कायम राहील. तो नेहमीच सुखावह असेल असे नाही. सणाच्या दिवसांत, साथीच्या काळात, मनुष्यबळ कमी असताना उचलले न गेलेले फोन वाढतात आणि ते सर्वांसमोर येते. पूर्वी ते वाढत असले तरी कोणाला दिसत नव्हते.

संभाषणे ध्वनिमुद्रित करण्याची सोय यंत्रात आहे. ती आम्ही बंद ठेवली आहे. रुग्णाचा आजार, घरची मिळकत, देणगीदाराची रक्कम या गोष्टी विश्वासाने सांगितल्या जातात. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्याने अशा माहितीबाबत संस्थांवर जबाबदाऱ्याही टाकल्या आहेत. पण कायदा नसता तरी आम्ही हेच केले असते. जे साठवलेच नाही ते चोरीला जात नाही.

चोरीचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. इंटरनेटला जोडलेले विनिमय यंत्र दिसले की जगभरातून आपोआप चालणारे प्रोग्रॅम त्याची दारे ठोठावू लागतात. एखाद्या फोनचा परवलीचा शब्द त्याच्याच क्रमांकाइतका सोपा असला तर रात्रीतून परदेशी महागड्या क्रमांकांवर शेकडो फोन लावले जातात, आणि देयक संस्थेच्या नावे येते. म्हणून प्रत्येक फोनला लांब, वेगवेगळे शब्द दिले आहेत, बाहेरून यंत्रापर्यंत येण्याची वाट केवळ कंपनीपुरती उघडी आहे, आणि परदेशी फोनची सोय मुळातूनच बंद केली आहे. अनिवासी देणगीदारांशी बोलायचे तर आम्ही ई-मेल करून वेळ ठरवतो. त्यांनी ही गैरसोय समजून घेतली, याबद्दल त्यांचे आभार.

रुग्णांच्या नातेवाइकांना शेवटी काही व्यावहारिक सूचना. केसपेपरावर आणि पावतीवर छापलेले कार्यालयाचे जुने क्रमांक तेच आहेत. फोन लावल्यावर कोणतेही बटण दाबण्याची गरज नाही. थांबावे, ऑपरेटर बोलतील. राखीव खाटांच्या चौकशीसाठी फोन करताना शिधापत्रिका किंवा दाखला जवळ असल्यास हाताशी ठेवावा. फोन लागून कोणी उचलला नाही तर ज्या क्रमांकावरून लावला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुरू ठेवावा, कारण कार्यालयातून त्याच क्रमांकावर फोन येईल. रुग्णाची स्थिती गंभीर असेल तर मात्र कार्यालयाला फोन न करता १०८ लावावा, किंवा केसपेपराच्या मागील बाजूस दिलेल्या अपघात विभागाच्या स्वतंत्र क्रमांकावर संपर्क साधावा. तो चोवीस तास उचलला जातो.